लाकडावर झिंक ऑक्साइडचा नॅनोथर: काचेची कृती जशीच्या तशी उचलली की काय बिघडतं

काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडचे नॅनोदंड (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म दांडे) वाढवणं आता एम.एस्सी.च्या प्रकल्पांतही सर्रास चालतं. तीच कृती सागवानाच्या तुकड्यावर करून पाहिली की मात्र द्रावण चहासारखं तपकिरी होतं, वर बसलेला पांढरा थर बोट फिरवताच निघतो, आणि एवढ्यातून निभावलंच तर तुकडा वाळताना तडकतो. मग विद्यार्थी द्रावणाची तीव्रता बदलतो, तापमान बदलतो, तास वाढवतो. त्याने काही होत नाही, कारण दोष बहुतेक वेळा द्रावणात नसतोच.

काच काही शोषत नाही, काही सोडत नाही, साडेतीनशे अंशांपर्यंत तापवली तरी मुकाट राहते. लाकूड पाणी पितं, फुगतं, आम्लं आणि टॅनिन (तुरट, रंग सोडणारी द्रव्यं) सोडतं, पोटातली हवा बुडबुड्यांनी बाहेर टाकतं आणि वर तरंगतं. म्हणून या कामात थर वाढवण्याचे चार तास सोपे. त्याआधीच्या तयारीचे दिवस जड. पुढची कृती त्याच हिशेबाने लिहिली आहे.

अपेक्षा काय ठेवायची, ते आधी ठरवून घ्या. उन्हातली अतिनील किरणं लाकडातल्या लिग्निनला, म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणाऱ्या घटकाला, तोडतात. आधी पिवळेपणा येतो, मग तुटलेलं लिग्निन पावसाने धुऊन गेलं की करडेपणा. झिंक ऑक्साइडची ऊर्जाफट (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, म्हणजे साधारण ३६८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीची किरणं ते शोषून घेतं. ३६८ ते ४०० या पट्ट्यातली किरणं बरीचशी आत जातातच. रंगबदल मंदावेल, थांबणार नाही. शिवाय हे दंड फार तर मायक्रोमीटरभर उंचीचे असतात आणि घर्षणाला अजिबात टिकत नाहीत. टेबलाचा पृष्ठभाग, जिन्याचा कठडा, दाराची मूठ यांसाठी ही पद्धत नाही. जाळी, पाटी, उंचावरची पट्टी अशा हात न लागणाऱ्या वस्तूंचा विचार करा. वाळवी आणि भुंग्यावरचा उपायही हा नव्हे. जस्त वरच्या वर राहतं, लाकडाच्या आत मुरत नाही.

सुरू करण्याआधी: जागा आणि सुरक्षा

हे प्रयोगशाळेतलं काम आहे. घरी, स्वयंपाकघरात किंवा सुताराच्या शेडमध्ये करू नका. कारणं तीन:

मिथेनॉल. विषारी आणि ज्वलनशील, ६४.७ अंशांना उकळतं आणि आपण ते ६० अंशांपर्यंत तापवणार आहोत. उघडी ज्योत नको, जलकुंड (गरम पाण्याचं पात्र) वापरा, वर कंडेन्सर (वाफ थंड करून परत द्रव करणारी नळी) लावा. नायट्राइल हातमोज्यांतून मिथेनॉल लवकर आरपार जातं, म्हणून सांडलं की मोजे लगेच बदला.

हेक्सामीन. गरम पाण्यात याचं विघटन होऊन अमोनिया आणि फॉर्मल्डिहाइड तयार होतं. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. वाढीची बाटली उघडायची ती फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात.

झिंक नायट्रेट. हे ऑक्सिडीकारक आहे. याची बरणी भुशाजवळ, कागदाजवळ किंवा अल्कोहोलच्या कपाटात ठेवू नका. नायट्रेट मुरलेलं लाकूड न धुता ओव्हनमध्ये टाकणं ही या कामातली सगळ्यात धोकादायक चूक आहे. टप्पा ८ मध्ये ती पुन्हा सांगितली आहे, आणि ती मुद्दाम.

टप्पा १: लाकूड निवडणं आणि कापणं

पहिल्यांदाच करत असाल तर सागवान घेऊ नका. सागाचं तेलकट सत्त्व हीच त्याची ताकद, पण इथे तेच आडवं येतं. खैर आणि बाभूळ तर टॅनिनमुळे जवळजवळ अशक्यच. आंबा, रबरवूड किंवा चीड यांचं फिकट लाकूड घ्या आणि गाभ्याचा गडद भाग टाळा. रबरवूडवर झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांचं बरंच काम बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत झालेलं आहे, त्यामुळे तुलनेलाही ते सोयीचं.

रबरवूडची एक गोम आहे. बाजारातलं रबरवूड बहुधा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडमध्ये मुरवलेलं असतं. टप्पा ३ मधलं गरम पाण्याचं धुणं नीट केलं नाही तर ते बोरेट वाढीच्या द्रावणात उतरतं आणि पीएच हलवतं. प्लायवूड आणि एमडीएफ मुळीच नको. त्यातला गोंद बहुधा ९० अंशांच्या पाण्यात सुटायला लागतो.

एकाच फळीतून, एकामागोमाग एक असे ५० × २० × ५ मिलिमीटरचे तुकडे कापा. शेजारशेजारचे तुकडे घेतले तरच तुलनेला अर्थ राहतो. खुणा पेनाने करू नका, शाई मिथेनॉलमध्ये उतरते. मागच्या बाजूला पेन्सिलीने आकडा लिहा किंवा कडेला करवतीने खाचा पाडा.

तुकड्यांचे चार गट करा: कोरं लाकूड, सगळ्या धुण्या-सुकवण्यातून गेलेलं पण जस्त न लागलेलं, फक्त बीज (ज्यावर पुढे दंड वाढतात ते झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म कण) बसवलेलं, आणि बीज बसवून थर वाढवलेलं. दुसरा गट बहुतेक जण वगळतात. मग रंगातला फरक थरामुळे पडला की अर्क (लाकडातली विरघळणारी द्रव्यं) निघून गेल्यामुळे, हे शेवटी कुणालाच सांगता येत नाही आणि तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक नेमकं तेच विचारतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच बाजूला काढून ठेवा: सूक्ष्मदर्शकाच्या काचेच्या चार-सहा पट्ट्या. टप्पा ६ पासून प्रत्येक द्रावणात लाकडासोबत एक काच घालायची. तिला आपण साक्षीदार काच म्हणू. काचेवर थर आला आणि लाकडावर नाही, तर गडबड लाकडाच्या तयारीत. दोन्हींवर आला नाही, तर द्रावणात. एवढ्या एका पट्टीने आठवडे वाचतात.

टप्पा २: घासणं

रंधा मारलेल्या पृष्ठभागावर १२०, मग १८०, मग २४० नंबरचा सँडपेपर, कायम रेषांच्या दिशेने. २४० वर थांबा. त्यापुढे गेलात की पृष्ठभाग चकाकतो, पण भुशाची पीठासारखी भुकटी वाहिन्यांच्या (लाकडातल्या बारीक नळ्यांच्या) तोंडात दाबून बसते आणि बीज त्या भुकटीवर चिकटतं. पुढे भुकटी निघाली की थरही निघतो. मऊ ब्रशने झाडा, कोरडी हवा मारा. ओल्या फडक्याने पुसू नका, रेषा उठतात. सागाची भुकटी त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, म्हणून मास्क हवाच.

सावधान: स्टील वूल वापरू नका. लोखंडाचा बारीकसा कण जरी राहिला तरी टॅनिनशी मिळून निळे-काळे डाग पडतात, आणि ते नंतर जात नाहीत.

घासलेला पृष्ठभाग शिळा होतो. आतले तेलकट घटक हळूहळू वर येतात आणि थेंब पसरेनासा होतो. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पुढचा टप्पा सुरू करा. महिनाभर कपाटात पडलेले तुकडे पुन्हा २४० ने घासल्याशिवाय घेऊ नका.

टप्पा ३: अर्क काढणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोकांना हा टप्पा कंटाळवाणा वाटतो. काचेला ॲसिटोनने दोन मिनिटं धुतलं की काम झालं. लाकडातून जे निघायचं आहे ते आत्ता काढलं नाही, तर ते पुढे ९० अंशांच्या द्रावणात निघणारच.

आधी इथेनॉल. तुकडे बुडतील एवढ्या इथेनॉलमध्ये तासभर, अधूनमधून ढवळत. मग ताज्या इथेनॉलमध्ये पुन्हा. चीड किंवा साग असेल तर त्यानंतर एकदा ॲसिटोनमध्ये, म्हणजे राळ आणि तेल उतरतं. सॉक्सलेटची (ताज्या द्रावकाने पुन्हा पुन्हा अर्क काढणाऱ्या उपकरणाची) सोय असेल तर फारच बरं. तुकडे फ्यूम हूडमध्ये उघड्यावर पूर्ण सुकू द्या.

मग डिस्टिल्ड पाणी, ९० अंशांना, तासभर. पाणी ओता, ताजं घ्या, पुन्हा तासभर. पहिलं पाणी पिवळट येईल, सागाचं तर तपकिरीच. पाणी रंगहीन येईपर्यंत हे करत राहायचं. आंब्याला चार-पाच वेळा पाणी बदलावं लागलं तर नवल वाटून घेऊ नका.

तपासणी: शेवटच्या पाण्याचा पीएच मोजा आणि त्याच तापमानाला तेवढाच वेळ ठेवलेल्या कोऱ्या डिस्टिल्ड पाण्याशी ताडून बघा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कोऱ्या पाण्याचा पीएचही ७ भरत नाही, म्हणून ७ या आकड्याच्या मागे लागू नका. दोन्ही पाणी जवळपास सारखी आली की पुरे. लाकडाचं पाणी अजून स्पष्टपणे आम्लयुक्त असेल तर पुढे जाऊ नका. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं. तुम्ही बसवलेलं बीज तुमचंच लाकूड खाऊन टाकेल.

साबण किंवा डिटर्जंट वापरू नका. ते लाकडातून पूर्ण निघत नाही.

टप्पा ४: सुकवणं

ओले तुकडे जाळीवर, दोन्ही बाजूंना हवा लागेल असे, दोन दिवस खोलीतच ठेवा. वर हलकं वजन ठेवलं तर वाकत नाहीत. त्यानंतर ६० अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत. लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला की काढून सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (हवेतली ओल शोषणाऱ्या बंद पात्रात) ठेवा.

आर्द्रता काढायची प्रमाण पद्धत १०३ ± २ अंशांची आहे, पण ती वेगळ्या बाजूला काढलेल्या तुकड्यांवर करा. थर द्यायचे तुकडे १०३ अंशांत टाकले की बारीक चिरा पडतात, आणि त्या चिरा एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) चित्रात थराच्या चिरा म्हणून वाचल्या जातात.

टप्पा ५: बीजद्रावण

काचेच्या कृतीत झिंक ॲसिटेटचा थर देऊन तो ३०० ते ३५० अंशांना तापवतात, म्हणजे ॲसिटेट जळून झिंक ऑक्साइड उरतं. लाकूड त्याच्या कितीतरी आधी तपकिरी होतं आणि २०० अंशांच्या पुढे त्यातलं हेमिसेल्युलोज तुटायला लागतं. म्हणून लाकडासाठी आधीच तयार झालेल्या झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचं कलिल (कण तळाशी न बसता तरंगत राहतात असं द्रावण) बनवायचं आणि तेच बसवायचं. तापवायची गरजच राहत नाही.

साठ्याची दोन द्रावणं करा. ५०० मिली मिथेनॉलमध्ये १.१० ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट (०.०१ मोलर). ५०० मिली मिथेनॉलमध्ये ०.६० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड (०.०३ मोलर). एका वेळेपुरतं करायला गेलात तर सोडियम हायड्रॉक्साइड जेमतेम ०.०८ ग्रॅम लागतं, म्हणजे एक गोळीही नाही. वजनातच मोठी चूक होते. गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, बरणी उघडली की लगेच वजन करा.

१२५ मिली झिंक ॲसिटेटचं द्रावण जलकुंडात ६० अंशांवर आणा, मॅग्नेटिक स्टिररवर ढवळत ठेवा. त्यात ६५ मिली सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण थेंबाथेंबाने, वीसेक मिनिटांत सोडा. एकदम ओतलंत की मोठे गठ्ठे बनतात. पुढे दोन तास ६० अंशांवरच ढवळा, मग थंड होऊ द्या.

तपासणी: द्रावण नितळ किंवा किंचित निळसर दिसलं पाहिजे. अंधारात बाजूने लेझर पॉइंटर मारला की प्रकाशाची रेघ दिसावी. कण आहेत पण बारीक आहेत, याची ती खूण. दुधाळ झालं असेल तर टाकून द्या. दुधाळ कलिल गाळून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. गाळल्यावर जे उरतं त्यात बीज नावापुरतंच असतं.

मिथेनॉलची बाटली जुनी असेल, वारंवार उघडलेली असेल, तर त्यात पाणी शिरलेलं असतं, आणि दुधाळपणाचं हे नेहमीचं कारण. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम करत असाल तर नवी बाटली घ्याच.

टप्पा ६: बीज बसवणं

डेसिकेटरमधून काढलेला कोरडा तुकडा आणि साक्षीदार काच बीजद्रावणात दहा मिनिटं बुडवा. बाहेर काढून उभी ठेवा, फ्यूम हूडमध्ये मिथेनॉल उडू द्या. वास पूर्ण गेल्यावरच ८० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास. मिथेनॉलने भिजलेलं लाकूड ओव्हनमध्ये टाकणं म्हणजे बंद पेटीत ज्वलनशील वाफ कोंडणं.

हे तीन वेळा करा. शेवटच्या सुकवणीनंतर डिस्टिल्ड पाण्यात काही सेकंद बुडवून काढा, कारण प्रक्रियेत तयार झालेलं सोडियम ॲसिटेट लाकडावरच बसलेलं असतं. जास्त वेळ ठेवू नका. पुन्हा ८० अंशांवर सुकवा.

या टप्प्यावर लाकूड दिसायला जवळपास पूर्वीसारखंच असतं. पांढरी झाक दिसत असेल तर ते चांगलं लक्षण समजू नका. बीज जाड आणि सैल बसलं आहे. कोरड्या मऊ ब्रशने झाडून पाहा. पांढरं निघालं तर तो तुकडा बाद.

टप्पा ७: थर वाढवणं

महाराष्ट्रात रासायनिक स्नानातून, म्हणजे वस्तू द्रावणात बुडवून, पातळ थर देण्याची परंपरा जुनी आहे; कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यावर अनेक वर्षं काम झालं आहे. तिथे किंवा अन्यत्र काचेवर हात बसलेल्यांना पुढचं ओळखीचं वाटेल, आणि म्हणूनच जपून वाचावं.

२५० मिली डिस्टिल्ड पाण्यात ३.७२ ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट. दुसऱ्या २५० मिलीमध्ये १.७५ ग्रॅम हेक्सामीन. दोन्ही पूर्ण विरघळल्यावर एकत्र करा. झाले दोन्हींचे ०.०२५ मोलर असलेले ५०० मिली द्रावण. झिंक नायट्रेट हवेतलं पाणी ओढून चिकट होतं. बरणीत ओलसर गोळा झाला असेल तर वजनात पाणीच जास्त येतं, नवी बरणी घ्या. पीएच साधारण ६.५ ते ७ भरायला हवा.

आता हवा. लाकडाच्या वाहिन्या हवेने भरलेल्या असतात. तसाच तुकडा गरम द्रावणात टाकला की ती हवा प्रसरण पावते आणि प्रत्येक वाहिनीच्या तोंडाशी बुडबुडा धरून बसते. भिंगातून पाहिलं तर ओळीने टोचलेल्या मोत्यांसारखे दिसतात ते. जिथे बुडबुडा तिथे द्रावण पोचत नाही आणि नंतर तिथे गोल, उघडी टिकली राहते. म्हणून थोडं वाढीचं द्रावण वेगळ्या बीकरमध्ये घ्या, खोलीच्या तापमानालाच त्यात तुकडा बुडवून ठेवा आणि निर्वात पेटीत दहा-पंधरा मिनिटं हवा ओढा. बुडबुडे थांबले की हवा सावकाश आत सोडा. तुकडा आता बुडतो. ते द्रावण फेकायचं, वाढीला ताजं घ्यायचं.

तुकडा कसा ठेवायचा यावर अर्धा निकाल ठरतो. थर हवा असलेली बाजू खाली, थोडी तिरकी. गरम होताना द्रावणात आपोआप पांढरे कण बनतात आणि खाली बसतात. वर तोंड करून ठेवलेल्या लाकडावर त्यांचा सैल लेप चढतो आणि तोच थर आहे असं वाटतं. टेफ्लॉनचा स्टँड किंवा नायलॉनचा दोरा वापरा. लोखंडी तार, क्लिप, टाचणी काहीही नको.

बाटली झाकणाची, बोरोसिलिकेट काचेची, तीन-चतुर्थांश भरलेली. झाकण लावायचंच, नाहीतर अमोनिया उडून जातो आणि पीएच घसरतो. तुकडा आणि साक्षीदार काच गार द्रावणात ठेवूनच बाटली जलकुंडात ठेवा. द्रावण आधी एकटं ९० अंशांना तापवून त्यात लाकूड टाकू नका. तोवर बरंचसं जस्त कणांच्या रूपात तळाशी गेलेलं असतं. द्रावण ८५ अंशांवर पोचल्यापासून वेळ मोजा. ९० अंशांवर तीन ते चार तास. साध्या बाटलीत १०० अंशांच्या वर जायचं नाही. त्यासाठी टेफ्लॉनच्या अस्तराचा ऑटोक्लेव्ह (दाब सोसणारं बंद पात्र) लागतो.

तपासणी, एका तासाने: फ्यूम हूडमध्ये झाकण उघडून काही थेंब काढा. रंग आणि पीएच पाहा. द्रावण पांढुरकं असणं ठीक. पिवळट किंवा तपकिरी झालं असेल, किंवा पीएच ६ च्या खाली गेला असेल, तर थांबा. लाकूड बाहेर काढून टप्पा ३ वर परत जा. अशा द्रावणात आणखी तास वाढवून काही साधत नाही.

थर जाड हवा असेल तर त्याच द्रावणात रात्रभर ठेवू नका. चारेक तासांत जस्त बरंच संपलेलं असतं, आणि थंड होताना वर गाळ बसतो. ताजं द्रावण घेऊन दुसरी फेरी करा. एका बाटलीत तुकड्यांची गर्दी केली तरी हेच होतं. ५०० मिलीमध्ये या मापाचे तीन-चार पुरे.

टप्पा ८: धुणं आणि सुकवणं

बाटली गरम असतानाच तुकडा काढा आणि साधारण त्याच उष्णतेच्या डिस्टिल्ड पाण्यात टाका. पाणी बदलत तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास तरी. नायट्रेट नुसतं पृष्ठभागावर नाही, निर्वातात भरलेल्या वाहिन्यांमध्येही आहे.

सावधान: नायट्रेट राहिलेलं लाकूड सुकवलं की ते ऑक्सिडीकारकाने भरलेलं इंधन होतं. धुण्यात कंजुषी नको.

सैल कण काढायला अल्ट्रासॉनिक पात्रात इथेनॉलमध्ये अर्धा ते एक मिनिट ठेवता येतं. पाच मिनिटं ठेवलंत तर थरही जाईल.

सुकवणं पुन्हा टप्पा ४ सारखंच, संथ. लाकूड वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण दुप्पट आकसतं, त्रिज्येच्या दिशेने निम्मं. थर मात्र आकसत नाही. घाई केली की तो बेटाबेटांत तुटतो. अल्कोहोल पूर्ण उडाल्याशिवाय ओव्हन नाही, आणि ओव्हन ६० अंशांच्या वर नाही.

टप्पा ९: पाणी टाकणारा लेप (हवा असल्यास)

नुसत्या झिंक ऑक्साइडच्या थरात पाणी चटकन जिरतं. १०० मिली इथेनॉलमध्ये १ ग्रॅम स्टिअरिक ॲसिड, जलकुंडात ५० अंशांवर विरघळवा, त्यात तुकडा चार-सहा तास ठेवा. मग कोमट इथेनॉलने धुवा. हे धुणं चुकवलं तर मेणचट पांढरा थर उरतो; थेंब त्यावरूनही घरंगळतो, पण ते मेणाचं श्रेय असतं.

थेंबाचा स्पर्शकोन १५० अंशांच्या वर आणि तुकडा १० अंशांपेक्षा कमी कलला तरी थेंब घरंगळतो, असं असेल तरच 'अतिजलरोधी' म्हणा. या लेपाने बाष्प अडत नाही. दमट हवेत लाकूड फुगणारच. उन्हात झिंक ऑक्साइड स्वतःच या सेंद्रिय लेपाला हळूहळू तोडतं, त्यामुळे हा गुण कायमचा समजू नका. हाच त्रास वरून पारदर्शक वार्निश मारल्यावरही होऊ शकतो.

टप्पा १०: खात्री करणं

आधी साधी चिकटपट्टी. दाबून लावा, झटक्यात ओढा, काळ्या कागदावर चिकटवा. हलकी राखाडी झाक चालेल. स्पष्ट पांढरा ठसा आला तर तुमच्याकडे थर नसून बसलेला गाळ होता. पुढच्या महागड्या चाचण्यांना नमुना पाठवू नका.

वजनवाढीवर विसंबू नका. अर्क निघून गेल्याने वजन घटलेलं असतं, थराने वाढलेलं असतं. जस्त न लागलेल्या दुसऱ्या गटाशी तुलना केल्याशिवाय तो आकडा निरर्थक.

एक्सआरडीमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांजवळ झिंक ऑक्साइडची तीन शिखरं शोधा (तांब्याच्या किरणस्रोतासाठी). २२.५ अंशांजवळचं रुंद शिखर सेल्युलोजचं. काचेवर ३४.४ चं शिखर उंच येतं कारण दंड सरळ उभे असतात. लाकडाचा पृष्ठभाग मुळातच वळणावळणाचा, त्यामुळे तितकं उंच आलं नाही म्हणून कृती चुकली असं मानू नका.

एसईएमसाठी तुकडा पूर्ण कोरडा हवा आणि वर धातूचा अतिपातळ लेप हवा. एकाच जागेचं सुंदर चित्र घेऊन परतू नका. तंतूंची भिंत, वाहिनीचं तोंड आणि दाट वलय अशा तीन ठिकाणी पाहा. षटकोनी डोक्याचे दंड तिन्ही ठिकाणी दिसले तर थर सलग आहे. विद्यापीठात यंत्र नसेल तर पवईला आयआयटी मुंबईच्या 'सैफ' या उपकरण-सुविधा केंद्रात बाहेरच्या संशोधकांचे नमुनेही घेतात.

वापरलेल्या द्रावणांचं काय

सिंकमध्ये ओतू नका. जस्त जलचरांना घातक आहे. वाढीची द्रावणं आणि धुण्याचं पहिलं पाणी एका कॅनमध्ये जमवा, थंड झाल्यावर सोडियम कार्बोनेटने पीएच ९ च्या आसपास आणा, जस्ताचा साका खाली बसू द्या. साका आणि वरचं फॉर्मल्डिहाइडयुक्त पाणी, दोन्ही संस्थेच्या घातक कचऱ्यात जातात. मिथेनॉलचा कॅन वेगळा. वाळलेला पांढरा साका खरवडू नका, ओलाच गोळा करा.

उन्हाची चाचणी

हवामान-चाचणीचं यंत्र असेल तर यूव्हीए-३४० दिवे (उन्हासारखी अतिनील किरणं देणारे), ८ तास अतिनील ६० अंशांवर आणि ४ तास दव ५० अंशांवर, हे चक्र सर्रास वापरलं जातं. नसेल तर इमारतीची गच्ची पुरते. दक्षिणेकडे तोंड केलेली, ४५ अंश तिरकी लाकडी चौकट करा आणि चारही गटांचे तुकडे पितळी स्क्रूने बसवा. लोखंडी खिळ्यांचे ओघळ काळे डाग पाडतात. प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाका, म्हणजे मूळ रंग हाताशी राहतो.

मार्च ते मे आणि जून ते सप्टेंबर अशा दोन नोंदी वेगवेगळ्या ठेवा. पहिल्या काळात फक्त ऊन, दुसऱ्यात पावसाचं धुणं. उन्हाळ्यात छान टिकलेला थर पहिल्या पावसातच जाऊ शकतो, कारण पावसाचं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लयुक्त असतं. रंगमापक नसेल तर एकाच कॅमेऱ्याने, एकाच सावलीत, शेजारी तेच पांढरं कार्ड ठेवून दर पंधरवड्याला फोटो घ्या. तुकडे फोटोआधी एक दिवस खोलीत वाळवा. ओलं लाकूड गडद दिसतं, आणि तो फरक तुम्ही मोजायला निघालेल्या फरकापेक्षा मोठा असतो.